टूल ट्रॉलीसाठी दुरंगी फोम, वसई-वालीव : पाचपैकी चार तारे

इथून फोम कापून घ्यायचा असेल तर टूल स्वतः घेऊन जा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवूनही ऑर्डर घेतात, पण फोटोवरून कापलेली खाच आणि टूल टेबलावर ठेवून कापलेली खाच यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच. मोटारीच्या गॅरेजला तेवढा चालत असेल. आम्हाला चालत नाही.

मी जुहूच्या एका हँगरमध्ये टूल स्टोअर सांभाळते. जुहू म्हटलं की लोकांना चौपाटी आठवते. तिच्या मागच्या धावपट्टीवर 1932 मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते, हे आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांनाही सांगावं लागतं. आता इथे मुख्यतः हेलिकॉप्टरं. बॉम्बे हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणारी बरीचशी इथूनच उडतात. पहाटेच्या पहिल्या फेरीआधी रात्रभर जे काम चालतं, त्याला लागणारा प्रत्येक पाना, पक्कड, गोटी (नटवर बसवायचा सॉकेट) माझ्या खिडकीतून जाते आणि त्याच खिडकीतून परत यायला हवी.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी : ड्रॉवरच्या मापाचा फोमचा तक्ता असतो, दोन थरांचा. वरचा काळा, खालचा पिवळा. वरच्या थरात टूलच्या आकाराची खाच कापलेली असते. टूल जागेवर असलं की सगळं काळं आणि स्टीलचं. टूल नसलं की त्याच्याच आकाराचं पिवळं भोक तुमच्याकडे बघत बसतं. पहाटे चार वाजता, डोळे चुरचुरत असताना, यादी न वाचता कळायला पाहिजे की दहाचा पाना आलेला नाही. कारण तो हेलिकॉप्टरच्या फ्लोअरखाली, हेलिकॉप्टर वळवणाऱ्या कंट्रोल रॉडच्या वाटेत पडलेला असू शकतो, आणि पायलटने स्टिक हलवल्यावर रॉड तिथे अडकू शकतो. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) सीएआर-145 या देखभालीच्या नियमांतही हेच सरळ लिहिलं आहे : काम संपलं की हेलिकॉप्टर किंवा विमान टूल, उपकरणं आणि बाहेरच्या कुठल्याही वस्तूंपासून मोकळं आहे, काढलेली सगळी पॅनल परत बसली आहेत, याची खात्री करा. नियम दोन ओळींचा आहे. तो रोज पाळता यावा म्हणून हा फोम.

आता दुकानाबद्दल. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचा फोम कापणारे पुष्कळ गाळे आहेत. टीव्हीच्या खोक्यातला फोम, औषधांच्या बाटल्यांचा फोम, दागिन्यांच्या डब्यांचा फोम. हा गाळाही मुळात तेच करतो. टूलचं काम त्यांनी वाहनांच्या कारखान्यांसाठी सुरू केलं. आत शिरल्यावर डावीकडे एक मोठं टेबल, त्यावर सेंटिमीटरच्या चौकटी छापलेला कागद, वर कॅमेरा. तुम्ही टूल मांडायची, ते फोटो काढतात, कॉम्प्युटरवर कडा ओढतात आणि राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापतात. लेझरवर कापत नाहीत. मी विचारलं तर मालक म्हणाले, "मॅडम, लेझरने कडा वितळते, मग ती कडक होऊन टूलला घासते. राउटरला वेळ लागतो, पण कड मऊ राहते." पटलं. कापलेल्या कडेवर बोट फिरवून बघा, फरक कळतो.

मांडणीचं टेबल हीच या जागेची खरी किंमत आहे. टूल मांडायला त्यांच्याकडे एक मुलगा आहे, वीस-बावीसचा असेल. मी टॉर्च ठेवली तर त्याने ती उचलली, मागचं झाकण फिरवून काढलं, पुढची काच असलेली रिंग फिरवून काढली आणि विचारलं, "मॅडम, हे एक टूल धरायचं की तीन?"

मोठमोठ्या कंपन्यांच्या सेल्सवाल्यांनी मला हा प्रश्न कधी विचारलेला नाही. तीनच धरायचे. टॉर्च खाचेत परत आली, पण मागचं झाकण इंजिनाच्या तोंडाशी पडलं, तर खाच भरलेली दिसते आणि तुम्ही निश्चिंत होऊन सही करता. म्हणून त्याने टॉर्चसाठी खाच अशी कापली की झाकण वर येईल आणि दिसेल, आणि ड्रॉवरच्या यादीत लिहिलं : टॉर्च, भाग 3. फीलर गेजचंही (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याचंही) तसंच. त्यात पात्या किती, ते यादीत. इन्स्पेक्शन मिररची (अडचणीच्या जागी डोकावायच्या आरशाची) काच वर तोंड करून, म्हणजे तडा गेला असेल तर ड्रॉवर उघडताच दिसतो.

स्क्रू ड्रायव्हरच्या बिटांबाबत (बदलायच्या टोकांबाबत) मात्र आमचं थोडं वाजलं. ते लोक बिट आडवे झोपवून देतात, ओळीने. दिसायला फार छान. मी म्हटलं, उभे हवेत आणि टोक वर. मुलगा म्हणाला, टोक वर ठेवलं तर बोटाला लागेल. लागू दे. बिटचं टोक तुटतं, नेहमी तुटतं, आणि तुटलेला तांदळाएवढा तुकडा कुठे गेला हे शोधणं हे टूल शोधण्याइतकंच काम आहे. टोक खाली असेल तर तुटलेलं बिट आठवडाभर जागेवर बसून राहील आणि कुणाला कळणारही नाही. शेवटी त्याने उभ्या भोकांची ओळ कापून दिली, आणि आता म्हणे दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही तशीच सुचवतो.

गोट्यांच्या ड्रॉवरवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जाणारच होता. आमच्याकडे दोन्ही मापं लागतात. बेल या अमेरिकी कंपनीची हेलिकॉप्टरं इंचाच्या मापात, फ्रेंच बनावटीची डॉफिन मिलिमीटरमध्ये. आता 7/16 इंच म्हणजे 11.11 मिलिमीटर. म्हणजे 7/16 ची गोटी आणि 11 ची गोटी बाहेरून बघाल तर जुळ्या बहिणी. एकीच्या भोकात दुसरी आरामात बसते. संध्याकाळी सगळी भोकं भरलेली, पण 11 च्या जागी 7/16, आणि 7/16 च्या जागी दुसऱ्या ट्रॉलीतली 11. मोजणी बरोबर, माल चूक. फोमच्या आकाराने हा प्रश्न सुटत नाही, कुणीही कितीही सांगितलं तरी. त्यावर यांनी दोन गोष्टी केल्या : इंची गोट्यांसाठी खालचा थर पिवळ्याऐवजी केशरी दिला, आणि प्रत्येक भोकाशेजारी माप वरच्या थरात कोरलं, म्हणजे आकडा खालच्या रंगात उमटतो. स्टिकर नाही, त्यामुळे तेलाने निघत नाही. इंची गोट्यांना आम्ही आमच्याकडे केशरी पट्टी रंगवली. आता केशरी पट्टीची गोटी पिवळ्या बाजूला बसली की कुणालाही खटकते.

रंगावरून आठवलं. हे लोक खालच्या थरासाठी लाल रंग आधी दाखवतात, कारण तो त्यांच्याकडे जास्त पडून असतो आणि काळ्यावर उठून दिसतो. हेलिकॉप्टरवाल्यांनी लाल घेऊ नये. आमचं हायड्रॉलिक ऑइल लाल असतं. गळकं टूल काळ्या फोमवर ठेवलं की लाल डाग पडतो, आणि अर्धवट उजेडात लाल डाग आणि लाल रिकामी जागा यांत नजर फसते. पिवळा घ्या.

मटेरियल बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम आहे, स्पंजसारखा पाणी पिणारा नाही. हे विचारून घ्या, कारण स्वस्तातला मऊ फोमही त्यांच्याकडे असतो आणि तो टर्बाइन ऑइल शोषून फुगतो. चांगल्या फोमला तेलाने काही होत नाही, फडक्याने पुसला की झालं. दोन थर चिकटवलेत कसे, तेही बघा. गोंदाने चिकटवलेला माल आणि उष्णतेने जोडलेला माल असे दोन प्रकार आहेत. आम्हाला पहिल्या खेपेत दोन ड्रॉवर गोंदाचे आले. कुणीतरी ॲसिटोनने पुसले आणि कोपऱ्यातून वरचा थर उचकटला. उचकटलेल्या फोमचा कण हाही शेवटी बाहेरचा कचराच, तोही मला हेलिकॉप्टरजवळ नको. तक्रार केल्यावर कुरकुर न करता बदलून दिले, पण बदलून मिळेपर्यंत मधले दिवस आम्ही जुन्या पत्र्याच्या ड्रॉवरवर काढले. एक तारा इथे गेला.

खाचेची खोली हा आणखी एक मुद्दा. टूलची अर्धी जाडी वर राहायला हवी, म्हणजे चिमटीत येतं. खोल खाच कापली की टूल आत दडतं आणि वरून काळ्यात काळं दिसतं. शिवाय प्रत्येक खाचेला बोट घालायला अर्धगोल जागा देतात. ती पहिल्यांदा लहान होती. नायट्राइलचा हातमोजा घातलेलं बोट जाईना. मग माणसं काय करतात? शेजारचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाना उचकटतात, आणि महिन्याभरात खाचेचा काठ कुरतडल्यासारखा होतो. दुसऱ्या खेपेला मी आमच्या सगळ्यात जाडजूड टेक्निशियनला सोबत नेलं आणि त्याच्या बोटाचं माप घ्यायला लावलं. ते हसले, पण घेतलं.

पकडींची खाच मिटलेल्या पकडीच्या आकाराची कापून घ्या. लॉकवायर प्लायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार पिळणारी पक्कड) उघडा ठेवून फोटो काढला तर खाच रुंद होते, आणि मग तिच्यात प्लायर कसाही टाकला तरी बसतो.

एक गोष्ट मी खास मागून घेतली : प्रत्येक खाचेशेजारी रुपयाएवढा गोल खड्डा. आमच्याकडे पितळी बिल्ल्यांची जुनी पद्धत आहे. प्रत्येक टेक्निशियनचे ठरावीक बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. टूल नेलं की बिल्ला त्या जागी. म्हणजे रिकामी जागा फक्त "नाही" एवढंच सांगत नाही, कुणाकडे आहे तेही सांगते. बिल्ले स्टोअरच्या बाहेर जात नाहीत, खिशात घेऊन फिरायला परवानगी नाही, नाहीतर तेच एक दिवस गिअरबॉक्सजवळ सापडायचे. खड्ड्यांचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

टूलवर नंबर कोरून देण्याची सोय आहे. लेझर मार्किंगच घ्या. कंपनाच्या पेनने कोरलं की क्रोमचा थर फुटतो, आणि जुहूच्या खाऱ्या हवेत त्या अक्षरातूनच गंज सुरू होतो. पावसाळ्यात तर नंबर वाचायच्या आधी तांबूस रेघ दिसते. याच हवेमुळे फोमबाबतही एक काळजी : टूल पुसून कोरडं न करता खाचेत ठेवलं तर फोम पाणी पीत नाही, पण पाणी टूलच्या पोटाखाली अडकून बसतं. जून ते सप्टेंबर आम्ही दर आठवड्याला सगळी टूल उचलून खाली पुसतो. दुकानाचा यात दोष नाही, पण त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं. खाचेच्या तळाला दोन बारीक भोकं पाडून द्या म्हणावं, थोडी हवा खेळते.

आता लोक विचारतात : एवढा खटाटोप कशाला, कॅमेऱ्याचं कपाट घ्या की. अशा एका कपाटाचा डेमो आमच्याकडे झाला आहे. कार्ड दाखवलं की ड्रॉवर उघडतो, बंद करताना कॅमेरा फोटो घेतो, कुठलं टूल गेलं आणि कुणी नेलं ते पडद्यावर येतं. यंत्र उत्तम आहे, खोटं बोलणार नाही. शेकडो माणसं असलेल्या मोठ्या हँगरला, जिथे स्टोअरवाल्याला चेहरेही पाठ नसतात, तिथे घ्यायलाच हवं. पण त्याला वीज लागते, सॉफ्टवेअर लागतं, दरवर्षी पैसे लागतात, आणि आमच्यासारख्या वीस-पंचवीस माणसांच्या ठिकाणी ते जे सांगतं ते पिवळं भोक आणि पितळी बिल्ला आधीच सांगून मोकळे झालेले असतात. प्रत्येक टूलला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी ओळखता येणारी चकती) लावायचाही एक प्रकार आहे, पण पाव इंची गोटीला टॅग लावायचा कुठे, आणि तो सुटून पडला तर तो शोधायचा कुणी?

शिवाय, कपाट कितीही हुशार असलं तरी त्याचं काम "एक कमी आहे" म्हणेपर्यंतच. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या ए380 विमानाचं प्रकरण मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते. डिसेंबर 2023 मध्ये लॉस एंजेलिसला डाव्या बाहेरच्या इंजिनाची बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) तपासणी झाली आणि कॉम्प्रेसर हाताने फिरवायचं सव्वा मीटर लांबीचं नायलॉनचं टूल आतच राहिलं. 1 जानेवारी 2024 ला सापडलं, तोवर विमानाची 34 उड्डाणं, 294 तास झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेच्या अहवालात मला सगळ्यात जास्त लागलेला भाग हा : टूल परत आलेलं नाही हे माहीत होतं. मोजणीने आपलं काम केलं होतं. हरवलेल्या टूलची कारवाई सुरू न करताच विमान सोडण्यात आलं. सव्वा मीटर हो. माझ्या मुलीच्या उंचीचं टूल.

आणि 2023 च्या मार्चमध्ये अमेरिकेत ल्यूक हवाई तळावर एफ-35 या लढाऊ विमानाच्या इंजिनात साधी हातातली टॉर्च ओढली गेली. जमिनीवर इंजिन चालवत असताना. नुकसान सुमारे 40 लाख डॉलर. मोजणी इंजिन चालू करायच्या आधी व्हायला पाहिजे होती. म्हणून आमच्याकडे मोजणी दोनदा : काम संपल्यावर एकदा आणि इंजिन चालवायच्या आधी एकदा, मध्ये दहा मिनिटांचं अंतर असलं तरीही. टेक्निशियन तोंड वाकडं करतात. दुरंगी फोममुळे ती मोजणी एका नजरेत उरकते, म्हणून तोंड जरा कमी वाकडं होतं. या दुकानाच्या मालाचा मला झालेला खरा फायदा हाच. आधी पत्र्याच्या ड्रॉवरमध्ये यादी घेऊन एकेक टूल उचलून टिक करावी लागायची, आणि घाईत माणूस न बघताच टिक मारतो. दोष माणसाचा म्हणा हवं तर, मी ड्रॉवरचा म्हणते.

प्रवासाच्या पेटीबद्दलही लिहायला हवं. यात्रेच्या दिवसांत केदारनाथच्या फेऱ्यांसाठी फाटा, गुप्तकाशी, सेरसी इथे हेलिकॉप्टरं जातात, सोबत एक-दोन टेक्निशियन आणि एक पेटी. तिथे स्टोअर नाही, खिडकी नाही, मी नाही. डोक्याला दिवा बांधून उघड्यावर काम चालतं. तुम्ही पेटी घेऊन गेलात तर हे लोक आत फोम बसवून देतात. तळाचा फोम झकास होता. झाकणाचा फोम मात्र जेमतेम टेकत होता, त्यामुळे जीपच्या धक्क्यांनी गोट्या भोकांतून उडाल्या आणि पेटी उघडली तेव्हा सगळा काला. टूल सगळी होती, जागा मात्र एकाचीही नाही. परत नेल्यावर झाकणाला जाड थर लावला, आता पेटी उलटी केली तरी हलत नाही. आणखी एक : पेटी हवाबंद असेल तर दाबाचा व्हॉल्व असलेलीच घ्या. डोंगरावर बंद केलेली पेटी मुंबईत उघडता उघडत नाही, दोन माणसं लटकली तरी.

पैसे : ट्रॉलीच्या एका ड्रॉवरला आम्हाला साडेतीन ते पाच हजारांच्या दरम्यान पडले, खाचा किती यावर. लेझर मार्किंग वेगळं. मोठ्या ब्रँडच्या तयार फोमपेक्षा खूप कमी, आणि तयार फोम त्यांच्याच टूलला बसतो, ही अडचण वेगळीच. डिझाइनची फाइल जपून ठेवतात. वर्षभराने एक ड्रॉवर पुन्हा हवा असेल तर नव्याने मांडायची गरज नाही. नवीन टूल आलं तर मात्र पूर्ण तक्ता नवा कापावा लागतो. जुन्या तक्त्यात चाकूने भोक पाडून टूल कोंबायचा मोह आवरा. आमच्याकडे एकाने केलं होतं आणि त्या भोकाला ना आकार ना नंबर, त्यात काय असायला पाहिजे हे कुणालाच सांगता येईना.

ड्रॉवरच्या आत लावायला नकाशासारखी लॅमिनेट केलेली यादी देतात, इंग्रजीत. मराठीत मागितली तर करून देतील, मी मागितली नाही कारण आमचे अर्धे लोक केरळचे आहेत.

सांगितलेल्या तारखेला माल मिळेल असं धरून चालू नका. दहा दिवस म्हणाले की अडीच आठवडे समजा, आणि गणपतीच्या सुमारास तर गाळा जवळपास बंदच असतो, कारागीर कोकणात. शनिवारी दुपारी गेलात तर तो मुलगा मोकळा असतो आणि टेबल तुमचंच. टूल पुसून न्या, तेलकट टूल कागदावर ठेवलेलं त्याला आवडत नाही. वसई स्टेशनपासून रिक्षा मिळते, पण भरलेली ट्रॉली नेणार असाल तर टेम्पो करा. त्यांच्या गाळ्यासमोरचा रस्ता पावसात टेम्पोलाही जड जातो.